नानांच्या दुकानात आलेली कम्प्लेंट

रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या धंद्यात 'कम्प्लेंट' या शब्दाला वेगळाच अर्थ आहे. गिऱ्हाईक बिघडलेली वस्तू पहिल्यांदा घेऊन येतं, ते काम. काम करून दिल्यावर तीच वस्तू त्याच दोषासाठी परत आली, तर ती कम्प्लेंट. ती फुकट करून द्यायची, हातातलं दुसरं काम बाजूला सारून करायची आणि तोंड वाकडं न करता करायची. धुळ्याला देवपुरात नानांचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी हे शिकलो. नाना आल्यागेल्याला ऐकवायचे, "मना दुकानमा कम्प्लेंट येत नही." ती बढाई नव्हती, खरंच येत नसे. माझ्या माहितीत त्यांच्याकडे एकच कम्प्लेंट आली. ती मी केली.

मी धरणगावचा. पस्तीसेक वर्षांपूर्वी कॉलेजसाठी धुळ्याला आलो आणि देवपुरात खोली घेऊन राहिलो. खोलीवरचा टेपरेकॉर्डर फिती खायला लागला, म्हणून तो काखोटीला मारून नानांच्या दुकानात गेलो. नानांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब, अशा अर्थानं. दुकानात काहीतरी वाजत होतं. मला आधी वाटलं, मशीनमध्ये बिघाड आहे. एक गिटार एकाच सुरावर मोटरीसारखी चालली होती, तिच्यावर कुणीतरी करवत ओढल्यासारखं काही ओढत होतं, आणि ढोल एका चालीत ठोकला जात होता. मधूनच एक जाड, थंड आवाज गायचा, उन्हाळ्यात दुपारी पडल्या पडल्या कुणी बोलावं तसा. बाजू संपेपर्यंत मी टेपरेकॉर्डर हातात धरून उभाच होतो. संपल्यावर नाना म्हणाले, "हं, बोल." मी म्हणालो, "हे पुन्हा लावाल का?"

तो बँड साठच्या दशकातला, अमेरिकेतला. अंडरग्राउंड म्हणतात तसला. त्यांना त्या काळी त्यांच्याच गावात फारसं कुणी विचारत नव्हतं. पुढे मात्र म्हणे जगभरच्या गाणाऱ्यांनी त्यांचे पाय धरले. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर कसल्याशा कामासाठी एक परदेशी माणूस येऊन राहिला होता, त्यानं आपला रेकॉर्ड प्लेयर नानांकडून एकदा दुरुस्त करून घेतला होता, आणि मायदेशी परतताना तो प्लेयर आणि त्याबरोबर ही एक रेकॉर्ड नानांना देऊन गेला होता.

नानांनी ती पहिल्यांदा लावली, तेव्हा त्यांना ती घरघर ऐकू आली. मेकॅनिकच तो. त्यांनी प्लेयर खोलला. काही सापडलं नाही. पुन्हा जोडला, पुन्हा लावला, घरघर तशीच. असा त्यांनी तो तीनदा खोलला. तिसऱ्यांदा त्यांच्या लक्षात आलं की घरघर मशीनची नाही, त्या लोकांनी ती मुद्दाम घातली आहे. हा किस्सा सांगताना ते दर वेळी हसायचे. "तीन दिन मी फॉल्ट शोधी राहिंतू, आनि हाई तं गानंच शे!" ज्या माणसानं आयुष्यभर आवाजातली घरघर काढली, त्याचा घरघरीवरच जीव जडला. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.

त्या रेकॉर्डवरून नानांनी कॅसेटी भरल्या. एकूण अकरा. एक दुकानाची, बाकीच्या ज्यांनी मागितल्या त्यांना. प्रत्येक कॅसेटीवर निळ्या बॉलपेननं नंबर घातलेला. माझा सात. पुढे एका मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली ती रेकॉर्ड तापून पापडासारखी वाकली, प्लेयरही जळाला, आणि मग खानदेशात त्या बँडच्या नावानं उरल्या त्या या अकरा कॅसेटी.

आमचं एक मंडळच झालं म्हणा. मंडळ हा शब्द कुणी वापरला नाही, वर्गणी नाही, पावती नाही. फक्त दर थंडीत एका रविवारी दुपारी नानांच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत जमायचं. रावेरकडचे एक केळीवाले भाऊ हिरवी वांगी घेऊन यायचे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून ती भाजायची, भरीत-पुरी खायची आणि कॅसेट ऐकायची. नियम एकच, दुसरी बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. शिरपूरहून शाळामास्तरीण अक्का यायच्या, आमच्यात बाई म्हणून त्या एकट्याच. त्यांचं दरवर्षी एक भांडण ठरलेलं. तो जाड आवाज पुरुषाचा नसून बाईचा आहे, असं त्या म्हणायच्या आणि आम्ही सगळे पुरुष त्यांना हसायचो. लग्नं झाली, बदल्या झाल्या, केस पिकले, पण तो रविवार आम्ही चुकवला नाही. मी जळगावला कचेरीत चिकटलो, तरी वर्षातून एकदा धुळ्याला जायचोच. बायको विचारायची, तेच ते काय ऐकता? आम्हाला तेच हवं असायचं.

आता माझा पराक्रम सांगतो.

चारेक वर्षांपूर्वी मुलीनं मला भारीतले हेडफोन आणून दिले आणि मोबाइलवर जगातलं सगळं संगीत कसं मिळतं ते दाखवलं. मी त्या बँडचं नाव टाइप केलं. तीच गाणी, तोच क्रम. लावलं, आणि पहिल्याच मिनिटाला चमकलो. गाणं धावत होतं. आवाज वर चढला होता, जवळजवळ अर्ध्या सुरानं. आणि तो जाड आवाज स्वच्छ बाईचा होता. मी कपाटातून सात नंबर काढली, जुन्या टेपवर लावली, दोन्ही ताडून पाहिलं. संशयाला जागा नव्हती. नानांनी प्लेयर तीनदा खोलला, तेव्हा कधीतरी परत बसवताना पट्टा सैल राहिला असणार. रेकॉर्ड हळू फिरली. आम्ही तीस वर्षं जे ऐकत होतो, ते त्या लोकांनी कधी गायलंच नव्हतं. ते देवपुरातच तयार झालं होतं.

शहाण्या माणसानं हे पोटात ठेवलं असतं. मला तर कधी एकदा रविवार येतो असं झालं. मी लहानपणापासून असाच आहे. वर्गात मास्तरांची बेरीज चुकली की पहिला हात माझा. बरोबर असण्यापेक्षा दुसरा चुकला हे सांगण्यात मला जास्त गोडी. मी एक ब्लूटूथ स्पीकर विकत घेतला आणि रस्ताभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत धुळ्याला गेलो.

वांगी अजून भाजत होती. नाना कॅसेट लावायला उठले, तर मी म्हणालो, "नाना, थांबा. आज खरं ऐकू." खरं, हाच शब्द वापरला मी. स्पीकर लावला. एक गाणं झाल्यावर मी माझं भाषण ठोकलं. नाना, तुमचं मशीन स्लो होतं, पट्टा सैल होता, इतकी वर्षं आपण चुकीचं ऐकलं, हा पाहा पुरावा. अक्कांकडे वळून, तुमचं बरोबर होतं हो, ती बाईच आहे, असंही म्हणून घेतलं. अक्का खूश होतील अशी माझी कल्पना. त्या म्हणाल्या, "मी पयलेच सांगेल व्हतं," आणि मान फिरवून वांगी उलटायला लागल्या.

नाना ऐकत होते. बोटानं गुडघ्यावर ठेका धरला होता आणि तो ठेका गाण्याच्या मागे पडत होता. गाणं पुढे जायचं, बोट मागे राहायचं. ते मी पाहिलं. तरी थांबलो नाही.

मग त्यांनी विचारलं, "किती फरक शे?"

मी सांगितला. आकडा तयारच होता.

"म्हनजे कम्प्लेंट शे," नाना म्हणाले. कुणीतरी हसलं, मीही हसलो. नाना हसले नाहीत. "करी देसूत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरहून अक्कांचा फोन. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाल्या, "तुले काय गरज व्हती रे?" मी म्हणालो, अक्का, खरं होतं ते. त्या म्हणाल्या, "आम्हले काय माहित नव्हतं का?" त्यांच्या भाच्यानं त्यांना ते कधीच ऐकवलं होतं. रावेरच्या भाऊंनाही माहीत होतं, बाकीच्यांनाही. मोबाइल काय एकट्या माझ्याच घरी होता? जो तो एकेकटा ऐकून, चमकून, गप्प बसला होता. दर थंडीत भरीत खाऊन, तोंड मिटून, नानांच्या स्पीडनं ऐकत होता. ठरवून नव्हे. एकमेकांशीही कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं होतं मी शोध लावला.

नंतरच्याच आठवड्यात नानांनी मला बोलावलं. कुठून तरी कोऱ्या कॅसेटी पैदा केल्या होत्या, जुना डेक साफ करून ठेवला होता. माझ्या मोबाइलवरून त्यांना नव्यानं सगळ्या कॅसेटी भरायच्या होत्या. मी दोन दिवस त्यांच्याजवळ बसलो. एक संपली की दुसरी. मधे ते हेड पुसायचे, कान लावून ऐकायचे. "आते बराबर शे?" मला विचारायचे. ज्यांच्याकडे मी ऐकायला शिकलो ते मला विचारत होते, आणि मी आपला मान डोलवत होतो. प्रत्येक कॅसेटीवर त्यांनी नंबर घातला, जुनाच. अक्षर थरथरत होतं.

"पयले तुनी दे," ते म्हणाले. जुनी कॅसेट. सदोष माल बाहेर राहता कामा नये, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणालो, घर बदललं त्यात कुठेतरी हरवली.

मी खोटं बोललो. सात नंबर माझ्या कपाटात होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली होती. देवपुरातल्या त्या खोलीत दोन आठवडे पडून होतो, घरी कळवलं नव्हतं, आणि सोबतीला ती कॅसेट होती. तो जाड, थंड, हळू आवाज. मोबाइलमधली ती बाई छान गाते, पण ती माझ्या उशाशी कधी बसली नव्हती. म्हणजे बघा, भर सभेत जे चूक ठरवलं ते मी स्वतः सोडायला तयार नव्हतो. आणि तरीही त्या दोन दिवसांत मला तोंड उघडून एवढं म्हणता आलं नाही की नाना, राहू द्या.

"शोध. सापडी," ते म्हणाले, आणि नवी सात नंबर माझ्या हातात ठेवली.

मग नाना निघाले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले. एसटीनं शिरपूर, एसटीनं रावेर, धरणगाव, अमळनेर, जिथे जिथे त्यांच्या कॅसेटी गेल्या होत्या तिथे तिथे. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नव्या कॅसेटी. दारात उभे राहून म्हणायचे, "काम मनं चुकनं. बदली देस." अक्कांनी मला नंतर सांगितलं, त्यांना द्यायची नव्हती. पण घामाघूम झालेला म्हातारा माणूस ओट्यावर बसून आपली चूक कबूल करतो आहे, त्याला काय सांगणार, की तुमची चूकच आम्हाला आवडते? त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, कॅसेट दिली. सगळ्यांनी दिली. दुकानातली धरून दहा कॅसेटी जमल्यावर नानांनी कात्री घेऊन एकेकीची फीत बाहेर ओढली आणि कापून टाकली. मी तेव्हा समोर नव्हतो. असतो तरी अडवलं असतं असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पुढच्या थंडीत आम्ही जमलो. नवी कॅसेट लागली. स्वच्छ, धावती, बरोबर. कुणी डोळे मिटले नाहीत. दुसरी बाजू लागायच्या आत अक्का उठल्या, शिरपूरची गाडी चुकेल म्हणाल्या. त्यांची गाडी कधीच चुकली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तिघे होतो. तिसऱ्या वर्षी रावेरच्या भाऊंनी वांगी कुणाच्या तरी हाती पाठवली आणि स्वतः आले नाहीत. यंदा कुणाचा फोनच नाही. मीही कुणाला केला नाही. कचेरीत काम आहे, असं स्वतःला सांगितलं. काम नव्हतं.

मागच्या महिन्यात धुळ्याला एका लग्नाला गेलो. नाना आजारी आहेत असं ऐकलं होतं. निघताना कपाटातून सात नंबर काढून खिशात टाकली. देईनच असं ठरवलं नव्हतं, पण टाकली. लग्न आटोपलं आणि दुपारी पांझरा नदीचा पूल ओलांडून देवपुरात गेलो.

दुकान बंद होऊन वर्ष झालेलं. नाना घराच्या ओट्यावर उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. अंगात स्वेटर, पायात लोकरी मोजे. मला ओळखलं. माझ्या मुलीचं, घरचं विचारून झालं. मग म्हणाले, "यंदा कोनीच उनं नही."

मी म्हणालो, लोकांना आता वेळ होत नाही.

"तसं नही," नाना म्हणाले. "मना कामवर आते लोकेसना भरोसा नही राहिना. तीस वरीस चुकीना माल दिधा मी. कोन ई?"

एवढी वर्षं त्यांच्या मनात हे होतं. कम्प्लेंट करून दिली, फुकट करून दिली, हातानं पोचवली, तरी गिऱ्हाईक तुटलं, असा त्यांनी हिशेब लावला होता. मी खिशात हात घातला. काढू की नको, असं झालं. मग काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला. निळा सात बघितला. आपलं जुनं, न थरथरणारं अक्षर. बोट त्याच्यावरून फिरवलं.

"हाई कोठे सापडनी?"

"हरपेलच नव्हती, नाना. मी खोटं बोलनू."

"काबरं?"

"माले हाईच आवडस."

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणालो. ऐकू आलं होतं. ते कॅसेट उलटसुलट करत होते.

"आनि अक्काले?"

"अक्काले बी. भाऊले बी. बठ्ठासले हाईच आवडे. म्हनीसन येत नहीत, नाना. तुमना कामले कोनीच नाव ठेवेल नही."

मला वाटलं हे ऐकून त्यांना बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला बरं वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी आपले दोन्ही तळहात मांडीवर उलटे केले आणि बघत राहिले. त्याच हातांनी दहा कापल्या होत्या. मला ते बघवेना. मी रस्त्याकडे पाहू लागलो.

"त्यासले माहित व्हतं? स्पीड कमी शे म्हनीसन?"

"व्हतं. बठ्ठासले."

"मंग कोनी सांगं काबरं नही?"

"तुम्हले वाईट वाटी म्हनीसन," मी म्हणालो.

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. फॉल्ट शोधताना ते असं बघायचे, हा भाग ठीक आहे, हाही ठीक आहे, मग बिघाड कुठे, असं.

"आनि तुले माहित नव्हतं का," त्यांनी विचारलं, "माले वाईट वाटी?"

मी म्हणालो, "माहित व्हतं, नाना."